विश्लेषण : राजगड ते तोरणा एका दिवसात? खिंडीत घड्याळ पाहा!

गुरुकुंज मोझरी : थंडी पडली की वऱ्हाडातील तरुणांचे पुण्याकडच्या गडांचे बेत सुरू होतात. त्यात राजगड-तोरणा ही डोंगरधारेवरची दिवसभराची चाल अनेकांना खुणावते. मात्र, ती पूर्ण होणार की अंगलट येणार, हे पायांपेक्षा पाणी आणि वेळेवर ठरते.

मार्ग कसा आहे?
पायथ्याचे गुंजवणे गाव पुण्याहून साधारण ६० किलोमीटरवर आहे. तिथून चोर दरवाजाने पद्मावती माचीवर पोहोचायला दोन-अडीच तास लागतात. पुढे संजीवनी माचीवरून उतरले की डोंगराची धार सुरू होते. वाटेत भुतोंडे रस्त्याची खिंड लागते. नंतर बुधला माचीकडून तोरण्यावर (१४०३ मीटर) चढून वेल्ह्यात उतरायचे. दोन गडांमधल्या टप्प्यालाच सहा-सात तास लागतात. राजगड ही स्वराज्याची सुरुवातीची राजधानी; जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या १२ किल्ल्यांत तो आहे.

धारेवर पाणी का नसते?
धार म्हणजे पाणलोटाची सीमा. इथे पडलेला पाऊस एका बाजूला कानंद खोऱ्यात, तर दुसऱ्या बाजूला भाटघर धरणाकडे वाहून जातो. माथ्यावर पाणी थांबतच नाही. गडांवर टाकी आहेत, पण मधल्या वाटेत भरवशाचे पाणी नाही आणि सावलीही तुरळक. म्हणून माणशी किमान चार लिटर पाणी सोबत हवे.

मेळघाटात अशी चाल का नाही?
गाविलगडचे डोंगरही तापी आणि पूर्णेच्या खोऱ्यांमधला दुभाजक आहेत. दगडही तोच काळा बेसाल्ट. पण चिखलदऱ्याचा माथा पठारासारखा रुंद आहे, सह्याद्रीसारखी चिंचोळी धार तिथे नाही. शिवाय हा व्याघ्र प्रकल्पाचा परिसर असल्याने जंगलात मनाप्रमाणे पायी भटकता येत नाही.

परतायचे कधी?
खिंडीत डांबरी रस्ता आहे. धार मध्येच सोडायची तर हीच सोयीची जागा. पहाटे पाचला निघालेला गट दुपारी बारापर्यंत इथे आला, तर चारच्या सुमारास तोरण्यावर आणि अंधारापूर्वी वेल्ह्यात पोहोचू शकतो. एक वाजून गेला असेल, पाणी निम्म्याखाली आले असेल किंवा एखाद्याचे पाय भरून आले असतील, तर तोरणा पुढच्या वेळी. खरा कस लागणारा चढ खिंडीनंतरच आहे आणि दमलेला माणूस घसाऱ्यावर उतरतानाच जास्त घसरतो.

वऱ्हाडातून जाणाऱ्यांनी काय करावे?
• रात्रभर रेल्वेत जागून थेट गड चढू नका. आदली रात्र पायथ्याच्या गावात झोपून काढा.
• सुरुवात गुंजवण्यात आणि शेवट वेल्ह्यात होतो. गाडी वेल्ह्यात आधीच ठरवून ठेवा; चालकाला खिंडीचा रस्ताही सांगा.
• पावसाळ्यात धुके आणि निसरड्यामुळे ही वाट टाळा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी योग्य.
• अत्तर, धूर, आरडाओरडा नको. कड्यांवर आग्या मोहोळ असते.
• गटात वाट माहीत असलेला एक जण हवाच. मोबाइलला सर्वत्र रेंज नसते, त्यामुळे नकाशा आधीच उतरवून घ्या. आपत्कालीन क्रमांक ११२.