कोशिन-मंदिर आणि विहार

जपानमधील नारा नगराच्या जुन्या वस्तीत कोशिन देवाचे एक लहानसे बौद्ध मंदिर आहे. मनुष्याच्या देहात तीन कीटक वास करतात. दर साठ दिवसांनी येणाऱ्या कोशिन-रात्री तो निद्राधीन होताच ते स्वर्गाधिपतीकडे जाऊन त्याची पापे निवेदन करतात, ही मूळची चिनी ताओपंथीय समजूत. म्हणून त्या रात्री जागरण करावयाचे. बौद्ध धर्माने तीस विरोध केला नाही. शोमेन-कोंगो ही देवता तिची अधिष्ठात्री ठरली. भोवतालच्या घरांच्या वळचणीस टांगलेली तांबड्या कापडाची माकडे घरच्यांवरील अरिष्ट स्वतःवर घेतात, असे मानतात. दारावर लिंबू-मिरची बांधणाऱ्यांस आणि खंडोबाचे जागरण घालणाऱ्यांस यात नवल वाटू नये.

बीड जिल्ह्यातील बौद्ध वस्त्यांचे विहार मात्र उलट मार्गाने उभे राहिले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. आंबेडकरांनी अनुयायांस दिलेल्या २२ प्रतिज्ञांत जुन्या देवतांचा स्पष्ट त्याग आहे. मरीआईची सेवा ही पूर्वी महार समाजाकडे केवळ श्रद्धा म्हणून नव्हती. गावगाड्यातील त्याच्या हीन स्थानाशी ती निगडित होती. नाऱ्यातील गृहस्थास माकड टांगल्याने असे हीनत्व येत नाही. हा भेद न पाहता विहारास रुक्ष म्हणणे अन्यायाचे होय. शिवाय तो तसा नसतोही : वर्षावासात तेथे ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते, आणि चातुर्मासातील पोथीप्रमाणेच ते ऐकावयास स्त्रिया मोठ्या संख्येने जमतात.