आखूड धावपट्ट्यांची विमानसेवा
नॉर्वेच्या किनाऱ्यावर फ्योर्ड, म्हणजे समुद्राच्या चिंचोळ्या खाड्या, डोंगरांत इतक्या खोल शिरल्या आहेत की समोर दिसणाऱ्या गावी जायलाही मोठा वळसा घ्यावा लागतो किंवा फेरीबोट पकडावी लागते. १९३४ साली स्थापन झालेल्या विडेरो या विमान कंपनीचा विस्तार याच भूगोलातून झाला. १९६८ साली तिने हेल्गेलांड भागात सुमारे ८०० मीटरच्या धावपट्ट्यांवर ट्विन ऑटर विमानांची सेवा सुरू केली, आणि १९९० च्या दशकात ३९ आसनांची, पंख्यांवर चालणारी डॅश ८ विमाने आणली. एकच विमान वाटेतल्या अनेक गावी उतरत जाते. पुढचे प्रवासी जागेवरच बसून राहतात, सामान उतरते आणि थोड्याच वेळात पंखे पुन्हा फिरू लागतात. एवढ्या थोड्या प्रवाशांच्या तिकिटांतून खर्च निघत नसल्यामुळे सरकार 'लोकसेवा बंधन' घालते, म्हणजे फेऱ्या, आसने व कमाल भाडे ठरवून निविदा मागवते आणि तूट भरून देते. हा खर्च रास्तच म्हटला पाहिजे, कारण दूरच्या गावांतील रुग्णांना ट्रॉम्सो शहरातले मोठे रुग्णालय याच विमानांनी गाठता येते. २०२४ च्या जानेवारीत नॉर्वेजियन या मोठ्या कंपनीने विडेरो विकत घेतली. मात्र आखूड धावपट्ट्यांना चालणारी छोटी डॅश ८ विमाने आता नव्याने बनत नसल्याने जुनीच जपून वापरावी लागत आहेत.