इंग्रजीतील संबंधी वाक्ये आणि एक स्वल्पविराम

महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ अन्वये राज्याचा कारभार मराठीतून चालत असला, तरी राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४८ मुळे केंद्रीय अधिनियमांचा अधिकृत पाठ व उच्च न्यायालयाचे निर्णय मुख्यत्वे इंग्रजीतच असतात. ते मराठीत समजून घेताना कठीण शब्दांसाठी कोश हाताशी असतो. वाक्यरचनेसाठी मात्र तो उपयोगी पडत नाही. 'हू', 'विच', 'दॅट' या संबंधी सर्वनामांनी जोडलेली गौण वाक्ये विशेष अडवतात.

मराठीत 'जो-तो' ही जोडी असते. 'ज्या विहिरीला पाणी आहे, ती विहीर' या रचनेत संबंधी वाक्य सामान्यतः आधी येते. इंग्रजीत ते नामाच्या मागोमाग येते आणि सर्वनाम कर्म असेल, तर पुष्कळदा गाळलेही जाते. 'द वेल द व्हिलेजर्स डग' म्हणजे ग्रामस्थांनी खोदलेली विहीर. दोन नामे लागोपाठ पाहून विद्यार्थी येथे हमखास गोंधळतो, आणि त्यात त्याचा फारसा दोष नाही.

खरी मेख स्वल्पविरामात आहे. 'द टीचर्स हू पास्ड द टेस्ट विल गेट अ‍ॅन इन्क्रिमेंट' या वाक्याप्रमाणे वेतनवाढ केवळ परीक्षा उत्तीर्ण झालेल्या शिक्षकांना आहे. 'टीचर्स' आणि 'टेस्ट' या शब्दांपुढे स्वल्पविराम दिले, की ती उल्लेखिलेल्या सर्वच शिक्षकांना मिळते. ते उत्तीर्ण झाले, ही निव्वळ अधिक माहिती ठरते. 'परीक्षा उत्तीर्ण झालेल्या शिक्षकांना वेतनवाढ मिळेल' या भाषांतरात दुसरा अर्थ हरवतो. तेथे 'शिक्षकांना वेतनवाढ मिळेल. ते सर्व परीक्षा उत्तीर्ण झाले आहेत' अशी फोड करणे इष्ट. वाक्य किंचित बोजड होईल, पण कोणाचा हक्क बुडणार नाही. अशा अधिक माहितीच्या वाक्यात 'दॅट' सहसा वापरत नाहीत, ही खूणही उपयोगी पडते.

उलट, काही ठिकाणी मराठीच अधिक काटेकोर आहे. 'द रिपोर्ट ऑफ द कमिटी विच द गव्हर्नमेंट अ‍ॅप्रूव्ह्ड' यात शासनाने मान्यता दिली ती अहवालाला की समितीला, हे 'विच' सांगत नाही. मराठीत लिंगभेदामुळे 'जो अहवाल' किंवा 'जी समिती' यांपैकी एक निवडावेच लागते. संदर्भावरूनही उलगडा न झाल्यास आदेश काढणाऱ्या कार्यालयाकडे लेखी विचारणा करावी. अंदाजाने 'जो' किंवा 'जी' लिहू नये.