पंगतीची वेळ आणि गोळीची वेळ

गणपतीपाठोपाठ गौरी येतात. पहिल्या दिवशी आवाहन, दुसऱ्या दिवशी पूजन आणि जेवण, तिसऱ्या दिवशी विसर्जन. पूजनाच्या दिवशी पानात पुरणपोळी, कटाची आमटी, अळूवडी, कोशिंबिरी आणि कितीतरी भाज्या असतात. कोकणात घावन-घाटले असते. अशा वेळी मधुमेह असलेल्या माणसाला आणि त्याच्या घरच्यांना एकच प्रश्न पडतो: गोड किती खायचे? प्रश्न रास्त आहे, पण अपुरा आहे. सणाच्या दिवशी तब्येत बिघडते ती अनेकदा पुरणपोळीने नव्हे, तर पुरणपोळीची वाट पाहण्याने.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे, तर आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. म्हणजे गौरीच्या पंगतीत मधुमेह असलेले कोणी ना कोणी बहुतेक घरी असणारच. पुष्कळदा ती व्यक्ती पानावर बसलेली नसते, स्वयंपाकघरात उभी असते.

नैवेद्य होईपर्यंत

सणाच्या दिवशी घरातल्या बाईचा दिवस पहाटे सुरू होतो. सकाळी चहा होतो, नेमाने गोळीही घेतली जाते. मात्र नैवेद्य दाखवल्याशिवाय खायचे नाही, म्हणून नाश्ता राहतो. पूजा, आरती, नैवेद्य, मग पाहुण्यांची पंगत, मग घरातल्या पुरुषांची आणि मुलांची. वाढणारीचे पान मांडले जाते तेव्हा दुपारचे तीन वाजलेले असतात. इतका वेळ ती उभी आहे, वाटते आहे, लाटते आहे. शरीराने साखर वापरली, पण पोटात काही गेले नाही, आणि सकाळची गोळी आपले काम करतेच आहे.

इथे गोळी कोणती आहे हे महत्त्वाचे ठरते. एकटी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांची साखर उपाशीपोटी सहसा धोक्याच्या पातळीपर्यंत उतरत नाही. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लायबेनक्लामाइड या गोळ्यांचे तसे नाही. त्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात, मग जेवण झालेले असो वा नसो. इन्सुलिनचे इंजेक्शन घेऊन जेवण लांबवले, तर धोका त्याहून मोठा. अनेकांच्या एकाच गोळीत दोन-तीन औषधे असतात, त्यामुळे वेष्टनावरची नावे वाचून घ्यावीत किंवा औषध देणाऱ्याला विचारावीत.

गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवशी हरतालिका असते. काही जणी हा उपवास निर्जळ करतात. डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या लघवीवाटे साखर आणि तिच्याबरोबर पाणीही बाहेर टाकतात. त्या चालू असताना निर्जळ उपवास केला, तर शरीर कोरडे पडते आणि रक्तात आम्ल साचण्याचा धोका वाढतो. ही गोळी उपवासाआधी काही दिवस थांबवावी लागू शकते. तो निर्णय आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्यायचा.

थकवा की उतरलेली साखर?

रक्तातील साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की घाम फुटतो, हात थरथरतात, छातीत धडधडते, कडकडून भूक लागते. आणखी उतरली की चिडचिड होते, बोलणे असंबद्ध होते, डोळ्यांपुढे अंधारी येते. एरवी कोणाच्याही लक्षात येईल अशी ही लक्षणे सणाच्या गडबडीत ‘दमली असेल’, ‘उपवासाने चक्कर आली’ म्हणून सोडून दिली जातात. घोटाळा होतो तो इथेच.

लक्षणे दिसताच ग्लुकोमीटर असेल तर साखर तपासावी, नसेल तर तपासणीसाठी थांबू नये. सुमारे १५ ग्रॅम, म्हणजे तीन चहाचे चमचे ग्लुकोज पावडर पाण्यात ढवळून द्यावी. पावडर नसेल तर तेवढ्याच साखरेचे पाणी चालते. पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा द्यावे आणि मग लगेच जेवायला बसवावे. या वेळी पेढा किंवा मोदक देऊ नये. त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज ही औषधे चालू असलेल्यांना तर साध्या साखरेचाही तातडीने उपयोग होत नाही, कारण साखर पचवण्याची क्रियाच ही औषधे मंदावतात. त्यांच्यासाठी घरात ग्लुकोज पावडर हवीच.

शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये. कुशीवर वळवून १०८ क्रमांकाला फोन करावा. साखर वाढल्यावर माणूस उठून बसला तरी गोळीचा परिणाम बराच वेळ टिकतो आणि साखर पुन्हा उतरू शकते. वृद्धांना आणि मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना अशा वेळी रुग्णालयात देखरेखीखाली ठेवणेच बरे.

उपाय सणाच्या आधी करायचा असतो. गोळी आणि जेवण यांची जोडी तोडू नये. नैवेद्य लवकर करता येत असेल तर करावा. तो उशिरा होणार असेल तर गोळीची वेळ आणि मात्रा कशी बदलायची, हे आठवडाभर आधी डॉक्टरांना विचारून ठेवावे. आजारी, वृद्ध आणि गर्भवती यांना उपवासाच्या नियमांतून सवलत देण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. ती औषध घेणाऱ्या सुनेला आणि सासूलाही लागू आहे.

पानातला क्रम

आता मूळ प्रश्न. पुरणातली हरभऱ्याची डाळ हळू पचते, ही जमेची बाजू. गूळ मात्र साखरेपेक्षा फारसा वेगळा नाही. तो रक्तातली साखर जवळपास तितकीच वाढवतो. ‘गुळाचे आहे, चालते’ हा समज सोडावा. तुपाने साखर वाढत नाही, पण एका चहाच्या चमच्यात सुमारे ४५ कॅलरी असतात आणि पोळीवरची धार एका चमच्याची नसते.

आपल्या पानातच एक सोय आहे. आधी कोशिंबीर, पालेभाजी, उसळ खावी. भात आणि पोळी नंतर. याच क्रमाने खाल्ल्यास जेवणानंतरची साखर कमी चढते, असे अभ्यासांत दिसून आले आहे. पुरणपोळी घेतली तर भात नावापुरता घ्यावा; दोन्ही पोटभर नकोत. एक पोळी चवीने खावी आणि जेवणानंतर आडवे न होता दहा-पंधरा मिनिटे चालावे. चुकून जास्त खाल्ले तर ‘आज एक गोळी जादा’ हा प्रयोग कधीही करू नये. जेवणाची साखर काही तासांत उतरते, जादा गोळी मात्र रात्री झोपेत त्रास देते.

आग्रह ही पंगतीची शोभा आहे, पण आग्रह ताकाचा, कोशिंबिरीचाही करता येतो. पाहुण्याने एकदा ‘नको’ म्हटले की ते खरे मानावे.

मीठ आणि छाती

हृदय किंवा मूत्रपिंड अशक्त असलेल्यांसाठी गोडापेक्षा मीठ घातक. दिवसभरात पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ असावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पापड, लोणचे, चटणी, तळण आणि आमटी मिळून ही मर्यादा एका पानातच ओलांडली जाऊ शकते. सणानंतर दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोंनी वाढले, पायांवर सूज आली किंवा आडवे झाल्यावर दम लागू लागला, तर वाट पाहू नये.

भरपेट जेवणानंतर हृदयावर ताण वाढतो. जेवून उठल्यावर छातीत दडपण आले, वेदना जबड्याकडे किंवा हाताकडे गेली, घाम फुटला, तर सोडा पिऊन ‘गॅस’ उतरण्याची वाट पाहत बसू नये. मधुमेहात हृदयविकाराचा झटका फारशा वेदनेशिवायही येतो; नुसता दम, घाम आणि मळमळ एवढेच दिसते. अशा वेळी थेट रुग्णालय गाठावे.

उरलेले अन्न, विशेषतः भात आणि खव्याचे पदार्थ, दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावे.

यंदा गौरीच्या जेवणाची यादी करताना एक ओळ वाढवावी: घरात कोण कोणती गोळी घेते आणि त्यांचे पान किती वाजता. ज्यांना गोळी वेळेवर घ्यावी लागते, त्यांचे पान पहिल्या पंगतीत मांडावे, मग ती घरची वाढणारी का असेना. त्या पंगतीला वाढायला घरात इतर हात असतातच.