उपवास, ऊन आणि घरचा ईस्टर

यंदा ईस्टर ५ एप्रिलला आहे. वसंतसंपातानंतरच्या पहिल्या पौर्णिमेनंतर येणारा रविवार हा ईस्टरचा दिवस. त्यामुळे हा सण कधी होळीच्या पाठोपाठ येतो, तर कधी हनुमान जयंतीच्या. २०२४ साली तो धुलिवंदनानंतरच्या रविवारी, ३१ मार्चला आला होता. यंदा हनुमान जयंतीनंतर तिसऱ्या दिवशी येत आहे. तो २२ मार्चच्या आधी कधी येत नाही आणि २५ एप्रिलनंतर जात नाही. ईस्टरच्या शुभेच्छापत्रांवर आपण कोवळे गवत आणि बर्फ वितळल्यावर उमलणारी फुले पाहतो. आपल्या भंडारा जिल्ह्यात मात्र या दिवसांत मोहाची फुले गळत असतात, तळ्यांचे पाणी खाली जात असते आणि दुपारी रस्ते ओस पडतात. ईस्टरपूर्वीचा उपवास आपल्याकडे उन्हाळ्यातच करावा लागतो, ही गोष्ट वैद्यकीय दृष्टीने महत्त्वाची आहे. ती मला एका कुटुंबाने शिकवली. त्यांच्या परवानगीने आणि ओळख न देता ती येथे सांगतो.

हे तरुण ख्रिस्ती कुटुंब अनेक वर्षांपासून माझ्याकडे येते. पती तिशीच्या आतला, भांड्यांच्या दुकानात कामाला. पत्नी, दोन लहान मुले आणि पतीची आई. पतीला सिकलसेल आजार आहे. विदर्भात हा आजार सर्वांच्या परिचयाचा आहे. भंडारा, गोंदिया, नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात अनेक समाजांत तो पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. लग्नापूर्वी पत्नीची रक्ततपासणी करून घेण्याचे शहाणपण या कुटुंबाने दाखवले होते. तिच्यात सिकलसेलचा दोष नव्हता, म्हणून दोन्ही मुले केवळ वाहक आहेत, रुग्ण नाहीत.

दोन वर्षांपूर्वीच्या उत्तम शुक्रवारी सायंकाळी या तरुणाला दोघांनी धरून माझ्या दवाखान्यात आणले. पाठ, कंबर आणि मांड्यांत असह्य वेदना, ओठ कोरडे, डोळे पिवळसर. गुरुवारी रात्री प्रभुभोजनाची उपासना आटोपल्यावर त्याने अन्न सोडले आणि पाणीही सोडले होते. उपाशीपोटी नको म्हणून रोजच्या गोळ्या घेतल्या नव्हत्या. शुक्रवारी दुपारी बारा ते तीन ही क्रूसावरील सात उद्गारांची उपासना. त्यासाठी तो भर उन्हात सायकलने गेला आणि तसाच परत आला. मी त्याला तातडीने मोठ्या रुग्णालयात पाठवले. शिरेवाटे पाणी आणि वेदनाशामक औषधे देऊन दोन दिवसांनी वेदना आटोक्यात आल्या. त्या वर्षीचा त्याचा ईस्टर रुग्णालयाच्या खाटेवर गेला.

असे का झाले, हे समजून घेऊ. निरोगी माणसाची तांबडी रक्तपेशी गोल आणि लवचिक असते. ती केसाहून बारीक रक्तवाहिनीतूनही वाकून पुढे सरकते. सिकलसेलच्या रुग्णात हिमोग्लोबिन वेगळ्या घडणीचे असते. प्राणवायू कमी पडला किंवा शरीरातील पाणी घटले की पेशी विळ्यासारखी वाकडी आणि ताठर होते. अशा पेशी एकमेकींत अडकून रक्तवाहिनी बंद करतात आणि पुढच्या भागाला रक्त मिळेनासे होते. त्यातून येणारी वेदना फार तीव्र असते. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस जगते, तर ही १० ते २० दिवसांतच फुटते. म्हणून रुग्ण फिकट आणि डोळे पिवळे दिसतात. शिवाय या रुग्णांची मूत्रपिंडे पाणी नीट राखून ठेवू शकत नाहीत. इतर माणूस पाणी प्यायला नाही तर लघवी कमी आणि गडद होते. यांच्या शरीरातून मात्र पाणी जातच राहते. म्हणून निर्जळी उपवास जो निरोगी माणसाला केवळ थकवतो, तो यांना थेट रुग्णालयात नेऊ शकतो.

त्या रात्री मला राहून राहून एक गोष्ट बोचत होती. नवरात्र जवळ आले की मी मधुमेही रुग्णांना उपवासाबद्दल विचारतो. रमजानपूर्वी रोजे धरणाऱ्यांच्या औषधांच्या वेळा बदलून देतो. या कुटुंबाला मात्र इतक्या वर्षांत एकदाही विचारले नव्हते. ख्रिस्ती लोकांचा सण म्हणजे नाताळ आणि केक, इतकीच माझी समजूत. राखेच्या बुधवारपासून चाळीस दिवसांचा उपवासकाळ असतो, हे मला ऐकून ठाऊक होते. पण माझ्या रुग्णाच्या ताटाशी आणि पाण्याच्या पेल्याशी मी त्याचा संबंध कधी जोडला नाही. त्याने सांगितले नाही हे खरे; पण विचारणे हे माझे काम होते.

म्हणून गेल्या वर्षी उपवासकाळ सुरू होण्याआधीच मी त्यांच्या घरी गेलो. त्यांचे पाळकसाहेबही आले होते. त्यांच्याकडून मला बरेच कळले. आजारी माणसाने, गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या मातेने उपवास करावा असे कोणतेही चर्च म्हणत नाही. कॅथलिक पंथात उपवासाचा नियम १८ ते ५९ वर्षे वयाच्या निरोगी माणसांनाच लागू आहे आणि त्यातही पाणी व औषधे वर्ज्य नाहीत. त्यांच्या स्वतःच्या, म्हणजे १९७० साली नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात, उपवास ज्याच्या त्याच्या विवेकावर सोपवलेला आहे. पाणी सोडण्याचा निश्चय सर्वस्वी या तरुणाचा होता. “वर्षभर माझ्या दुखण्यासाठी घरचे सारे सोसतात. एक दिवस मी देवासाठी सोसावं, असं वाटलं,” तो म्हणाला. त्यावर मला काही बोलता येईना. शेवटी त्याची आईच बोलली, “परभूले तहान लागली तं त्यानं लपवली नाही. तू कायले लपवतं रे बाबू?”

क्रूसावरील सात उद्गारांपैकी पाचवा उद्गार तहानेचाच आहे. ते ऐकून पाळकसाहेबांनी मान डोलावली आणि प्रश्न तेथेच सुटला.

मग काय सोडावे, याचा विचार झाला. त्या तरुणाला दिवसाला चार-पाच पुड्या खर्रा खाण्याची सवय होती. आपल्या भागात सुपारी, तंबाखू आणि चुन्याच्या या घोटलेल्या मिश्रणाने किती तोंडे उघडेनाशी केली आहेत, हे कोणताही डॉक्टर सांगेल. ‘उपवास खऱ्र्याचा करा,’ असे मी सुचवले. उपवासकाळाच्या चाळीस दिवसांत रविवार धरत नाहीत, तेव्हा “रविवारी चालेल का, डॉक्टरसाहेब?” असे त्याने हसत विचारले. मी नाही म्हणालो. पहिला आठवडा त्याला जड गेला. चिडचिड झाली, झोप उडाली. खऱ्र्याची आठवण आली की बडीशेप किंवा लवंग तोंडात धरायची आणि ग्लासभर पाणी प्यायचे, एवढा साधा उपाय ठरला होता. वाचलेले पैसे एका डब्यात साठत गेले.

उत्तम शुक्रवारची उपासना त्यांनी घरीच केली. पाच महिन्यांच्या तान्ह्या मुलीला दुपारच्या उन्हात नेणे योग्य नव्हतेच. खिडक्यांना ओले पडदे लावले, मधोमध माठ ठेवला. शेजारची दोन ख्रिस्ती कुटुंबे आली. पाचव्या उद्गाराचे वाचन झाल्यावर आजीने उठून आधी मुलाला आणि मग सर्वांना पाणी दिले. ती पद्धत कोणी ठरवलेली नव्हती. यंदाही तसेच करणार असल्याचे ते सांगतात. आजीला मधुमेह आहे. साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेऊन उपाशी राहिल्यास साखर धोकादायकरीत्या घसरते, म्हणून तिने सकाळी ज्वारीची भाकरी आणि भाजी खाल्ली होती. सुनेने तर नेहमीपेक्षा जास्तच खायचे, असे ठरले होते. पहिल्या सहा महिन्यांत पाजणाऱ्या मातेला रोज सुमारे ५०० ते ६०० कॅलरी अधिक लागतात आणि पाणीही भरपूर लागते. बाळाला मात्र सहा महिने पूर्ण होईपर्यंत उन्हाळ्यातसुद्धा वरचे पाणी नको. आईच्या दुधात ते पुरेसे असते.

रविवारी, २० एप्रिलला, मला जेवणाचे आमंत्रण होते. ऊन चढण्याआधी, सकाळी साडेआठलाच. पहाटेची उपासना करून मायलेक परतले होते आणि अंगणात कडुलिंबाखाली सतरंजी अंथरली होती. तीन वर्षांचा मुलगा कुंड्यांच्या मागे लपवलेली रंगीत अंडी शोधत होता. आदल्या रात्री अंडी रंगवताना त्याने होळीचे उरलेले रंग आणले होते; आईने ते बाजूला ठेवून कांद्याची टरफले, हळद आणि बीट वेगवेगळ्या पाण्यात उकळले व त्यात अंडी रंगवली. हा विवेक फार मोलाचा आहे. बाजारातील रंग अंड्याच्या कवचातून आत उतरू शकतात.

एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम उत्तम प्रथिने असतात. लहान मुलाला सणाच्या निमित्ताने याहून चांगला खाऊ कोणता? पण आपल्या उन्हाळ्यात उकडलेले अंडे तासाभराहून अधिक वेळ बाहेर ठेवू नये. त्यांनी शोधाशोध संपताच ती सोलून, चार फोडी करून मुलांना दिली. तीन वर्षांच्या मुलाला अख्खे अंडे, शेंगदाणे, फुटाणे किंवा गोल गोळ्या देऊ नयेत. त्या श्वासनलिकेत अडकतात.

जेवणात भात आणि तळ्यातल्या रोहूचा रस्सा होता. पुनरुत्थानानंतर प्रभूने सरोवराकाठी शिष्यांसाठी स्वतः मासे भाजले आणि भाकर दिली, अशी कथा शुभवर्तमानात आहे. तळ्यांच्या आपल्या जिल्ह्यात ईस्टरला मासा रांधावा, हे मला मोठे साजेसे वाटले. याच पुस्तकांत आणखी एक प्रसंग आहे. याईराची बारा वर्षांची मुलगी मरणातून उठली तेव्हा येशूने पहिली सूचना दिली ती तिला खायला देण्याची. पाळकसाहेबांनी तो प्रसंग सांगितला, तेव्हा इतकी वर्षे रुग्णाच्या उशाशी मी जे सांगत आलो तेच ऐकतो आहे असे वाटले. जेवणानंतर त्या तरुणाने खऱ्र्याच्या पैशांचा डबा पाळकसाहेबांच्या हाती दिला. गावातील दुसऱ्या एका सिकलसेल रुग्णाच्या प्रवासखर्चासाठी ते पैसे वापरले गेले. सण संपल्यावरही खर्रा सुटलेलाच राहिला आहे.

यंदा राखेचा बुधवार १८ फेब्रुवारीला आला आणि रमजानचे रोजेही त्याच सुमारास सुरू झाले. १९ मार्चपासून चैत्र नवरात्र आहे. म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडावर जिल्ह्यातल्या बहुतेक घरांत कोणी ना कोणी उपवास धरलेला आहे. म्हणून सर्वच वाचकांना थोडे सांगतो.

• घरात सिकलसेलचा रुग्ण असेल तर निर्जळी उपवास करू नये. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा वेगळा विकार नसल्यास उन्हाळ्यात प्रौढ रुग्णाने दिवसाला सुमारे तीन लिटर पाणी घ्यावे. पन्हे, ताक, लिंबूपाणी चालेल.

• रोजच्या गोळ्या उपवासासाठी बंद करू नयेत. रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. या रुग्णांना तपासणीशिवाय त्या अपायकारक ठरू शकतात.

• १०१ अंशांवर ताप, छातीत दुखणे, धाप, अचानक फिकटपणा, पोट फुगणे किंवा अंगाची एक बाजू लुळी पडणे, यांपैकी काहीही झाल्यास घरी थांबू नये.

• मधुमेह, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णांनी उपवासापूर्वी डॉक्टरांना विचारून औषधांची मात्रा ठरवावी.

• लग्न ठरवण्यापूर्वी सिकलसेलची तपासणी करावी. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ रुग्ण असण्याची शक्यता चारांत एक असते. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानात २०४७ पर्यंत हा आजार हटवण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. ते अशा घरोघरच्या निर्णयांवरच अवलंबून आहे.

आणि माझ्या व्यवसायबंधूंना एवढीच विनंती, की रुग्णाचा सण कोणता आणि तो तो कसा पाळतो, हे विचारावे. गेल्या आठवड्यात तो तरुण आला होता. मी विचारण्याआधीच म्हणाला, “शुक्रवारी पाणी पिणार आहे, डॉक्टरसाहेब. रविवारी तुम्ही या.” मी जाणार आहे.