पान लागल्यापासून नांदेडपर्यंत

पेरण्या आटोपल्या की हदगाव तालुक्यात तातडीच्या रुग्णांचे दिवस सुरू होतात. सोयाबीन-कपाशीत साप, गोवऱ्यांच्या ढिगात विंचू आणि पुढं फवारणीची विषबाधा. अशा रुग्णाकडं पहिल्या तासात काय पाहायचं, हे गेल्या पन्नास वर्षांत हळूहळू उमगत गेलं. त्यातली एक मोठी उकल तर गावखेड्याच्या दवाखान्यातच झाली.

ती उकल विंचवाची. भोकरदन तालुक्यातल्या देहेडचे डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचू चावलेली धडधाकट माणसं तिथं डोळ्यांदेखत जात. अंग घामानं चिंब, हातपाय गार, ओकाऱ्या. मग छातीत घरघर आणि तोंडाला गुलाबी फेस. त्या काळी ॲलर्जीवरची इंजेक्शनं नि स्टेरॉइड देत, पण गुण येत नसे. बावस्कर खाटेशेजारी बसून नाडी, रक्तदाब, श्वास टिपत राहिले. विषानं ॲड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकतं आणि फुप्फुसांत पाणी भरतं, हे त्यातून लक्षात आलं. आवळलेल्या वाहिन्या सैल करणारी प्राझोसिन ही रक्तदाबाची स्वस्त गोळी कामी आली. १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’नं ते काम छापलं. गंभीर रुग्णांत शंभरात तीसच्या घरात असलेले मृत्यू पुढं एखाददुसऱ्यावर आले. २०२२ मध्ये बावस्करांना पद्मश्री मिळाली.

सापाचं कोडं वेगळं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर लस एकच, तेव्हा मेलेला साप पिशवीत घालून आणायची गरज नाही. प्रश्न असतो तो विष चढलंय का, हा. घोणसाच्या रुग्णात त्याचं उत्तर काचेची नळी देते. कोरड्या, स्वच्छ नळीत थोडं ताजं रक्त घ्यायचं, वीस मिनिटं हलवायचं नाही, मग नळी कलंडायची. रक्त गोठलेलं नसेल, वाहिलं, तर लस लगेच सुरू.

मण्यार मात्र चकवते. रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते. ना सूज, ना धड दातांचे व्रण. पहाटे माणूस पोट दुखतंय म्हणून उठतो आणि ते अपचनावर जातं. जाणता डॉक्टर अशा वेळी ‘वर बघा’ म्हणतो. पापण्या उचलत नसतील, बोलणं जड झालं असेल, गिळता येत नसेल, तर पुढची पाळी श्वासाची, हे तो ओळखतो. मण्यारीनं एकदा नसांची टोकं निकामी केली की लस ती दुरुस्त करत नाही. नसा सावरेपर्यंत, कधी कधी काही दिवस, श्वास बाहेरून द्यावा लागतो. आधी फुगा दाबून, मग व्हेंटिलेटरवर.

फवारणीचा धडा पैनगंगेपलीकडून आला. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. बारीक झालेल्या बाहुल्या, लाळ, घाम ही सेंद्रिय फॉस्फरसची खूण. त्यावर ॲट्रोपिन चालतं. पण टाकीत दोन-तीन औषधं एकत्र असली की चित्र विस्कटतं आणि डबा तर शेतातच राहिलेला असतो. म्हणून नातेवाइकांनी रुग्णासोबत डबा, निदान त्याच्या लेबलचा फोटो तरी आणावा. विष भिनलेले कपडे उतरवून अंग साबणानं धुणं हा तर उपचारच.

मग उरतो रस्ता. नांदेडला १९८८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, २०१४ पासून १०८ ची गाडीही येते. तरी हदगाव ते महाविद्यालयाचं विष्णुपुरी हे साठ-सत्तर किलोमीटरचं अंतर कमी झालेलं नाही, आणि पान लागलेल्याला आधी मांत्रिकाकडं नेण्यात गेलेला वेळ त्यात आणखी भर घालतो. सापाच्या दंशानं होणारे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणायचे, असा आराखडा केंद्रानं २०२४ मध्ये आखला आहे. तो तडीस न्यायचा तर लसीचा पहिला डोस हदगावातच लागला पाहिजे, लसीची ॲलर्जी उठली तर ॲड्रेनलिन हाताशी हवं, आणि वाटेत श्वास थांबलाच तर फुगा दाबता येणारं माणूस गाडीत बसलेलं हवं.