घराचा विसार देण्याआधी वाळवी शोधा

कोकणातलं जुनं कौलारू घर बघायला गेलं की नजर आधी वर जाते, आढ्याकडे आणि वाशांकडे. वाळवी मात्र बहुतेक वेळा खालून, जमिनीतून येते. त्यामुळे तपासणी जोत्यापासून सुरू करावी, तीही बाहेरून.

घराभोवती सावकाश फेरी मारा. भिंतीला टेकून रचलेलं सरपण, जोत्याला लागलेला मातीचा ढीग, पागोळ्यांचं पाणी मुरतं ती कड, या जागा सोडू नका. जमिनीतल्या वाळवीला ओल लागते आणि उघडी कोरडी हवा सोसत नाही. म्हणून ती मातीची नळी बांधत वर चढते. रुंदी जेमतेम अर्धा-एक सेंटीमीटर. जांभा ती खात नाही, पण चिऱ्यांच्या सांध्यांतून वाट काढते. नळी सापडली की दोनेक इंच मोडा. आत पांढुरके किडे पळताना दिसले तर प्रश्नच मिटला. नळी रिकामी निघाली तर चार-पाच दिवसांनी पुन्हा जा. मोडलेला भाग बुजवलेला असेल तर वाळवीचा वावर चालू आहे. बुजवलेला नसला तरी निर्धास्त होऊ नका, तिने वाट बदललेली असू शकते.

मग आत या. न्हाणीघर आणि मोरीला लागून असलेल्या चौकटींचे पाय आधी बघा. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने खालून वर ठोकत गेलं की भरीव आवाज कुठे पोकळ होतो ते कानाला लगेच कळतं. वाळवी आतलं मऊ लाकूड रेषांच्या दिशेने खाते आणि वरचा पापुद्रा तेवढा ठेवते, त्यामुळे रंगवलेली चौकट धडधाकट भासते. विक्रीच्या तोंडावर चौकटीच्या खालच्या हातभर भागालाच ताजा रंग दिसला, तर मालकाला विचारून तिथेच टोक रुतवून बघावं. ‘सगळं सागाचं आहे’ यावरही फार विसंबू नये. सागाचा गाभा वाळवीला दाद देत नाही, बाहेरचा पांढरट भाग मात्र देतो.

माळ्यावर टॉर्च घेऊन चढा आणि वाशांखाली सांडलेला भुसा हातावर घ्या. बारीक पूड आणि लाकडाला टाचणीने पाडल्यासारखी भोकं असतील तर घुण. खसखशीएवढे टणक दाणे असतील, भिंगाखाली सहा बाजूंचे, तर ती कोरड्या लाकडातली वाळवी. तिचा जमिनीशी संबंधच नसतो, म्हणून भिंतीकडेने फरशीला भोकं पाडून औषध सोडलं तरी तिला काही होत नाही. ‘पेस्ट कंट्रोल केलंय’ असं कोणी म्हटलं तर कशासाठी, कोणत्या औषधाने आणि कधी, हे बिलावर बघा.

खिडकीच्या कट्ट्यावर गळून पडलेले पंख दिसले तर तेही तपासा. वाळवीचे चारही पंख सारख्या लांबीचे असतात, मुंगीची पुढची जोडी मोठी असते.

हे सगळं विसार देण्याआधी करायचं, त्यामागे कायद्याचंही कारण आहे. मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882 च्या कलम 55 नुसार विक्रेत्याने त्याला माहीत असलेला मोठा दोष सांगायलाच हवा. पण ही जबाबदारी खरेदीदाराला साध्या काळजीने सापडला नसता, अशाच दोषापुरती आहे. भिंतीवर उघड दिसणारी मातीची नळी त्यात बसवणं कठीण. म्हणून जे सापडेल त्याचे फोटो काढा आणि दुरुस्तीचा खर्च कोणाचा, हे करारात लिहून घ्या.